नेक्सावारचा परवाना : एक औषध, तीन प्रश्न आणि फॉर्म २७

सोराफेनिब या औषधाची २०० मिलिग्रॅमची गोळी. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे महिन्याला १२०. यकृताचा कॅन्सर शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला की डॉक्टर हे औषध लिहून देत. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्येही ते वापरले जाई. जर्मनीची बायर कंपनी ते 'नेक्सावार' या नावाने विकत होती आणि भारतात १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. एका गोळीला सुमारे २,३३७ रुपये पडत. वर्षभर घ्यायचे म्हटले तर साडेतेहतीस लाखांच्या वर.

हे औषध कॅन्सर बरा करत नव्हते, हे आधीच सांगायला हवे. यकृताच्या कॅन्सरवरची त्याची मोठी चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नुसत्या दिखाऊ गोळीवर असलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ७.९ महिने निघाले आणि सोराफेनिबवर असलेल्यांचे १०.७. जवळपास तीन महिन्यांचा फरक. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याला या तीन महिन्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर गाठोडी घेऊन मुक्काम ठोकलेली विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहार-बंगालमधली कुटुंबे ज्याने पाहिली आहेत, त्याला हेही ठाऊक आहे की यातल्या कुणालाही महिन्याला पावणेतीन लाख उभे करणे जमणारे नव्हते. शेत विकले तरी औषध किती महिने पुरेल, असा तो हिशोब होता.

या औषधावरून भारतात जो वाद झाला त्यातून २००५ नंतरच्या नव्या पेटंट व्यवस्थेतला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना दुसऱ्याला औषध बनवायची सरकारी मुभा, निघाला. आजपर्यंत तोच शेवटचाही ठरला आहे. पहिला का मिळाला, यावर पुष्कळ लिहिले गेले. दुसरा का मिळाला नाही, यावर फार कमी. मला या प्रकरणात दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात : कागदपत्रांत.

पेटंट देताना घातलेली अट

आपला १९७० चा पेटंट कायदा न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर उभा राहिला. त्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणेच बंद केले. पेटंट मिळे ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही थोड्या वर्षांसाठी. भारतीय औषध कारखानदारी त्याच काळात वाढली. पुढे जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार आला आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांवर थेट वस्तूचे पेटंट वीस वर्षांसाठी द्यावे लागले.

पण हे देताना संसदेने काही दारे उघडी ठेवली. कलम ८३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की पेटंट केवळ पेटंटधारकाला आयातीची मक्तेदारी उपभोगता यावी म्हणून दिले जात नाही. आणि कलम ८४ सांगते की पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर कुणीही हितसंबंधित व्यक्ती सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. त्यासाठी तीन कारणे आहेत : जनतेची वाजवी गरज भागलेली नाही, वस्तू वाजवी परवडेल अशा किमतीत मिळत नाही, किंवा पेटंटचा भारताच्या भूमीवर वापरच होत नाही. तिघांपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते.

हा परवाना म्हणजे पेटंट रद्द करणे नाही. पेटंट जागेवर राहते, मालक मालकच राहतो आणि त्याला रॉयल्टी मिळते. फक्त 'मी सोडून कुणीही बनवायचे नाही' हा त्याचा हक्क एका अर्जदारापुरता सैल होतो. ट्रिप्स कराराच्या कलम ३१ मध्ये याला जागा आहे आणि त्याच संघटनेच्या २००१ च्या दोहा जाहीरनाम्याने तर प्रत्येक देश परवान्याची कारणे स्वतः ठरवू शकतो असे स्पष्ट केले. 'भारताने करार मोडला' असे जे नंतर परदेशी वर्तमानपत्रांत लिहिले गेले, त्याला आधार नव्हता.

बायरचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल झालेला होता. त्यावर ३ मार्च २००८ रोजी पेटंट क्रमांक २१५७५८ मंजूर झाले. आंतरराष्ट्रीय अर्ज जानेवारी २००० चा असल्याने मुदत जानेवारी २०२० पर्यंत. कलम ८४ चे दार मार्च २०११ मध्ये उघडणार होते.

हैदराबादहून गेलेले पत्र

हैदराबादच्या नॅट्को फार्माने ६ डिसेंबर २०१० रोजी बायरला पत्र लिहून तिने स्वखुशीने परवाना द्यावा अशी मागणी केली. आम्ही हे औषध महिन्याला दहा हजारांच्या आत देऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. बायरने २७ डिसेंबरला नकार कळवला.

ही दोन पत्रे पुढच्या चार वर्षांच्या लढाईत पुन्हा पुन्हा उघडली गेली. कारण कलम ८४ च्या सहाव्या पोटकलमात अट आहे की अर्जदाराने आधी वाजवी अटींवर परवाना मिळवण्याचा प्रयत्न केलेला असावा आणि वाजवी मुदत, साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत, वाट पाहिलेली असावी. बायरचा युक्तिवाद असा होता की नॅट्कोच्या पत्राचा सूर धमकीचा होता, त्याला मनापासूनची मागणी म्हणता येणार नाही. शिवाय आणखी काही म्हणायचे असेल तर कळवा असे आम्ही लिहूनही त्यांनी पुन्हा विचारले नाही. प्रत्येक पायरीवर हा युक्तिवाद फेटाळला गेला. नकार स्पष्ट होता, तर पुन्हा दार ठोठावून काय मिळणार होते? नॅट्कोने मात्र घाई केली नाही. औषध नियंत्रकाकडून उत्पादनाची परवानगी घेतली, तीन वर्षे पुरी होऊ दिली आणि २९ जुलै २०११ रोजी अर्ज दाखल केला. १२० गोळ्या ८,८०० रुपयांत देण्याची तयारी त्यात लिहिली होती.

पत्रव्यवहाराचा हा क्रम नीट लक्षात ठेवावा. पुढच्या एका अर्जदाराचे सगळे प्रकरण इथेच कोसळले.

किती हवे होते आणि किती आले

पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी निकाल दिला. तिन्ही प्रश्नांवर तो बायरच्या विरोधात गेला. त्यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे तत्त्वांची भाषा कमी आहे आणि आकडेमोड जास्त.

गरज भागली की नाही हे ठरवायला दोन आकडे लागतात. एक, किती रुग्णांना औषध हवे होते. दोन, किती रुग्णांपर्यंत ते पोचले. पहिल्या आकड्यासाठी नॅट्कोने जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्लोबोकॅन या कॅन्सर आकडेवारीचा आधार घेतला. बायरने तो फुगवलेला आहे म्हणत आपला आकडा मांडला : ८,८४२ रुग्ण. ठीक आहे, हाच धरू, असे म्हणून हिशोब पुढे गेला.

दुसरा आकडा कुठून आणायचा? पेटंटधारकाने किती माल आणला आणि विकला हे बाहेरच्या माणसाला कळणार कसे? इथे कामाला आला फॉर्म २७. पेटंट कायद्याच्या कलम १४६ नुसार प्रत्येक पेटंटधारकाला तेव्हा दरवर्षी हा फॉर्म भरून द्यावा लागे. पेटंटचा भारतात वापर झाला का. झाला असेल तर किती माल, किती किमतीचा. इथे बनवला की आयात केला, आणि कोणत्या देशातून. कुणाला परवाने दिले. जनतेची गरज वाजवी किमतीत भागली का. साधा दोन पानी फॉर्म. कित्येक कंपन्या तो रकाने रिकामे ठेवून देत. न दिल्यास दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद होती, पण ती वापरायची कुणी मनावर घेत नव्हते.

बायरने मात्र भरला होता. २००८ मध्ये आयात शून्य. २००९ मध्ये सुमारे दोनशे बाटल्या. एका बाटलीत एका रुग्णाचे एका महिन्याचे औषध. म्हणजे त्या पूर्ण वर्षात अख्ख्या देशात जेवढे औषध आले त्यात वीस रुग्णांचेही वर्ष निघाले नसते. हे औषध जगात २००५ पासून मिळत होते आणि भारतात आयातीची परवानगी बायरला २००७ मध्येच मिळालेली होती. पुढच्या विक्रीचे आकडे धरले तरी औषध पोचलेले रुग्ण दोनशेच्या आसपास निघाले. ८,८४२ पैकी दोनशे. दोन टक्क्यांहून जरासे जास्त.

यावर बायरचे उत्तर चतुर होते. आमचे औषध कमी पोचले असेल, पण बाजारात सिप्लाचे सोराफेनिब आहेच, सुमारे ३० हजारांत. ते पुरवठ्यात धरा. अडचण एवढीच की त्याच सिप्लावर बायरने पेटंटभंगाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला होता. उद्या मनाई हुकूम मिळाला तर सिप्लाचा माल त्याच दिवशी दुकानातून गायब झाला असता. एका न्यायालयात 'हा चोर आहे, याला थांबवा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'याने दिलेला माल आमच्या खात्यावर जमा करा' असे दोन्ही मागता येत नाही. पेटंट नियंत्रकांनी ते मान्य केले नाही आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही नाही. कर्तव्य पेटंटधारकाचे आहे, ते त्यानेच किंवा त्याच्या परवानाधारकाने पार पाडायचे.

याच औषधावरून बायर आणि सिप्ला आणखी एका लढाईत आधीच समोरासमोर आले होते. पेटंट असलेल्या औषधाच्या जेनेरिकला औषध नियंत्रकांनी परवानगीच देऊ नये, अशी बायरची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०१० मध्ये फेटाळली. औषध सुरक्षित आणि गुणकारी आहे का, एवढेच औषध नियंत्रकाने पाहायचे. पेटंटची राखण हे त्याचे काम नाही. ही मागणी मान्य झाली असती तर नॅट्कोला उत्पादनाची परवानगीही मिळाली नसती आणि हे प्रकरण सुरूच झाले नसते.

किंमत

दुसरा प्रश्न वाजवी परवडणाऱ्या किमतीचा. बायर म्हणाली, वाजवी म्हणजे दोघांनाही वाजवी. नव्या औषधाच्या संशोधनाला प्रचंड खर्च येतो, दहा रेणूंपैकी बहुतेक वाया जातात, त्यांचाही खर्च यशस्वी रेणूने उचलायचा असतो. हा मुद्दा खोटा नाही. औषध शोधणाऱ्यांना मोबदला मिळाला नाही तर पुढचे औषध येणार नाही, ही काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नाही आणि मी ती नेत नाही.

पण हा मुद्दा मांडायचा तर या औषधाचा हिशोब मांडावा लागतो. तो आला नाही. नव्या औषधाला सरासरी किती खर्च येतो याची मोघम विधाने आली. सोराफेनिबवर नेमके किती लागले, त्यातले किती वसूल झाले, भारतातल्या किमतीत त्याचा वाटा किती, हे आले नाही. कंपनीची सवलत योजना होती. परंतु तिच्यात कुणाला घ्यायचे ते शेवटी कंपनीच ठरवणार; अशी किंमत 'जनतेला' मिळणारी किंमत कशी म्हणायची? देशातल्या वेगवेगळ्या उत्पन्नगटांसाठी वेगळ्या किमती ठेवण्याचा विचार करता आला असता. तो केला गेला नाही. परवडणे हे मुख्यतः जनतेच्या बाजूने पाहायचे, असे पेटंट नियंत्रकांनी ठरवले.

भारताच्या भूमीवर वापर

तिसऱ्या प्रश्नावर मात्र नियंत्रकांचा निकाल वरच्या पायऱ्यांवर टिकला नाही. 'वापर' म्हणजे भारतातच उत्पादन, नुसती आयात चालणार नाही, असे त्यांनी म्हटले होते. बायरचे उत्तर असे की जगभराचा माल जर्मनीत एका ठिकाणी बनवणे स्वस्त आणि दर्जाला सोयीचे पडते. बायर पुढे ज्याच्याकडे गेली त्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने मधला मार्ग काढला : काही परिस्थितीत आयातही वापर ठरू शकते, प्रत्येक प्रकरण त्याच्या तथ्यांवर पाहावे. मुंबई उच्च न्यायालयानेही साधारण हीच वाट धरली. इथे उत्पादन का करता येत नाही हे पेटंटधारकाने दाखवून द्यावे, मग आयात चालेल. बायरने तसे काही दाखवले नव्हते.

मला हा बदल योग्य वाटतो. प्रत्येक पेटंटसाठी भारतात कारखाना टाका अशी सरसकट अट घातली तर ती कागदावर कणखर दिसेल. पण थोड्याच रुग्णांना लागणाऱ्या एखाद्या औषधाचा कारखाना इथे कुणी टाकणार नाही आणि माल आणणारही नाही. रुग्णाला औषध कुठे बनले याच्याशी देणेघेणे नसते.

परवान्यात काय होते

परवाना एकट्या नॅट्कोला. औषध स्वतःच्याच कारखान्यात बनवायचे, दुसऱ्याकडून करून घ्यायचे नाही. फक्त यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी, फक्त भारतात विकायचे. १२० गोळ्यांची किंमत ८,८८० रुपयांपेक्षा जास्त नाही. दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना मोफत. गोळीचा रंग-आकार, नाव, वेष्टन बायरच्या मालाहून वेगळे. विक्रीचा हिशोब ठेवायचा आणि दर तिमाहीला निव्वळ विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यायची. ही टक्केवारी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूत्राच्या वरच्या टोकाला होती. मुदत पेटंट संपेपर्यंत.

२,८०,४२८ वरून ८,८८०. एका गोळीला ७४ रुपये. ९७ टक्के घट. आणि बायर स्वतःचे औषध स्वतःच्या किमतीत विकायला पूर्ण मोकळी होती.

अपिले

बायर बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे चेन्नईला गेली. न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ४ मार्च २०१३ रोजी परवाना कायम ठेवला आणि रॉयल्टी ६ वरून ७ टक्के केली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह आणि न्या. एम. एस. संकलेचा यांच्या खंडपीठाने १५ जुलै २०१४ रोजी बायरची याचिका फेटाळली. या निकालातली एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. गरज 'पुरेशी' भागली का, हे एरवी वस्तूनुसार ठरेल. पण औषधाच्या बाबतीत पुरेसे म्हणजे शंभर टक्के, असे खंडपीठाने म्हटले. ज्याला ज्याला औषध हवे त्या प्रत्येकाला ते मिळाले पाहिजे. एखाद्या नव्या यंत्राचा पुरवठा ऐंशी टक्के झाला तर चालेल. वीस टक्के रुग्णांना वगळून 'पुरेसे' म्हणता येणार नाही. इतके सरळ वाक्य आपल्या पेटंट कायद्यात दुसरीकडे कुठे लिहिले गेल्याचे मला आठवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१४ रोजी कायद्याचे प्रश्न खुले ठेवून हस्तक्षेप करायला नकार दिला. नंतर निर्यातीवरून एक उपवाद उरला. परवानगीसाठी लागणाऱ्या चाचण्या-संशोधनापुरते औषध परदेशी पाठवणे कलम १०७-अ खाली चालू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये ठरवले.

दरम्यान बायरचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी मारेन डेकर्स यांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये एका परिषदेत जे म्हटले ते जगभर गाजले : हे औषध आम्ही भारतीय बाजारासाठी बनवले नाही, ज्यांना परवडते अशा पाश्चात्त्य रुग्णांसाठी बनवले. त्या वाक्यावर संताप झाला आणि तो रास्त होता. पण फॉर्म २७ मधले शून्य हेच सांगत होते, आणि तेही कितीतरी आधी.

दुसरा परवाना का आला नाही

निकालानंतर वाटले की आता रांग लागेल. औषध कंपन्यांना ती धास्ती होती, रुग्ण संघटनांना आशा. दोन्ही फोल ठरल्या.

मुंबईच्या बीडीआर फार्मास्युटिकल्सने ब्रिस्टल-मायर्स स्क्विबच्या डॅसॅटिनिब या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधासाठी अर्ज केला. तो ऑक्टोबर २०१३ मध्ये दारातच फेटाळला गेला. कारण पत्रव्यवहार. बीडीआरने परवाना मागितला, पेटंटधारकाने उलट प्रश्न विचारले, बीडीआरने ते प्रश्न म्हणजेच नकार असे धरून पुढची बोलणीच केली नाहीत. नियंत्रकांच्या मते हा परवाना मिळवण्याचा प्रामाणिक प्रयत्न नव्हता. बायरने सरळ नकार दिला म्हणून नॅट्को वाचली. 'नाही' न म्हणता प्रश्न विचारत राहणे पेटंटधारकाला जास्त फायद्याचे असते, हा धडा कंपन्यांनी या दोन प्रकरणांतून घेतला असेल तर नवल नाही.

हैदराबादच्या ली फार्माने ॲस्ट्राझेनेकाच्या सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहावरच्या औषधासाठी अर्ज केला. तो जानेवारी २०१६ मध्ये नामंजूर झाला. मधुमेहावर त्याच गटातली इतर औषधे बाजारात होती. नेमके सॅक्साग्लिप्टिनच किती रुग्णांना लागते आणि त्यातल्या किती जणांना मिळाले नाही, हे अर्जदाराला आकड्यांत दाखवता आले नाही. गुणवत्तेवर निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. पण मेख ध्यानात घ्या. सिद्ध करायचे ओझे अर्जदारावर आणि पुरवठ्याचे आकडे पेटंटधारकाच्या कपाटात.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, नॅट्कोनेच एलाय लिलीच्या बॅरिसिटिनिबसाठी सक्तीचा परवाना मागितला. दोन-तीन आठवड्यांच्या आत लिलीने स्वेच्छेने परवाना दिला आणि नॅट्कोने अर्ज मागे घेतला. सक्तीच्या परवान्याची नुसती शक्यताही काम करते, याचा हा चांगला पुरावा आहे. मात्र ती शक्यता खरी वाटली पाहिजे. अर्जदाराच्या हाती काहीच पुरावा लागणार नाही हे पेटंटधारकाला आधीच ठाऊक असेल तर तो बोलणी करायला कशाला बसेल?

फॉर्म २७ चे पुढे काय झाले

नेक्सावार प्रकरणानंतर या फॉर्मकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले गेले. कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांनी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली : फॉर्म भरले जात नाहीत, भरलेले अर्धवट आहेत, आणि पेटंट कार्यालय कारवाई करत नाही. २०१८ मध्ये ती निकाली निघताना सरकारने सुधारणेची तयारी दाखवली. बशीर २०१९ मध्ये गेले. त्यांनी मागितले होते ते कडक पालन.

झाले उलटे. २०२० मध्ये फॉर्म सुटसुटीत केला गेला आणि मार्च २०२४ च्या पेटंट सुधारणा नियमांनी तो दरवर्षीऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचा केला. मूल्याचा रकानाही गेला. आता वापर झाला की नाही एवढे सांगितले की भागते. उद्योगांवरचा कागदपत्रांचा भार कमी करणे हे कारण दिले गेले. सॉफ्टवेअर, दूरसंचार किंवा यंत्रांच्या क्षेत्रात एकेका वस्तूत शेकडो पेटंटे गुंतलेली असतात. तिथे कोणत्या पेटंटमुळे किती रुपये आले हे सांगणे खरोखरच कठीण असते. त्यांची तक्रार मला पटते.

औषधाचे तसे नसते. सोराफेनिब म्हणजे एक रेणू, त्याचे एक मुख्य पेटंट, एक आयातदार. किती बाटल्या आल्या आणि कितीला विकल्या हे कंपनीच्या हिशोबनीसाला एका दुपारी सांगता येते. नियम करताना हा फरक केला गेला नाही. सगळ्यांना एकच सवलत दिली.

आज कुणी नॅट्कोच्या वाटेने जायचे ठरवले तर काय होईल याचा विचार करावा. पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर दार उघडते. तोवर त्या पेटंटचा फॉर्म २७ जेमतेम एकदा दाखल झालेला असेल, कदाचित तेवढाही नाही. त्यात 'वापर झाला, आयात केली' एवढी खूण असेल. दोनशे बाटल्या आल्या की दोन लाख, हे त्यावरून कळणार नाही. अर्जदाराने बाजार संशोधन संस्थांचे महागडे अहवाल विकत घ्यायचे; पेटंटधारकाने ते चुकीचे आहेत म्हणायचे; आणि नियंत्रकांनी पुरावा अपुरा म्हणून अर्ज फेटाळायचा. ली फार्माच्या बाबतीत काय घडले ते आपण पाहिलेच.

कलम १४६ चे पहिले पोटकलम नियंत्रकाला कोणत्याही पेटंटधारकाकडून केव्हाही माहिती मागवण्याचा अधिकार देते. तो अधिकार अजून शाबूत आहे. औषधांच्या पेटंटांपुरता तो दरवर्षी वापरायला नव्या कायद्याची गरज नाही, संसदेत जायचीही गरज नाही. माल किती आला, कितीला विकला, किती रुग्णांपर्यंत पोचला, हे तीन रकाने परत आणले आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले, तर पुढच्या अर्जदाराला निदान उभे राहायला जागा मिळेल. रुग्ण संघटनांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी दुसरी बाजू सांभाळावी : कोणत्या औषधाची गरज किती रुग्णांना आहे याची नोंद. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांकडे आणि राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाकडे आजारांचे आकडे आहेत. त्यातून एकेका औषधाच्या गरजेचा अंदाज बांधणे हे कष्टाचे, वेळखाऊ, पण करता येण्याजोगे काम आहे, आणि ते अर्ज दाखल होण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवे.